मामंजींच्या खुर्चीतली बाई

माणसाचं तोंड हिरवंही असू शकतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या वडिलांनी सगळा मुलूख सोडून मला नेमकी त्याच्याच धाकट्या भावाला दिली. हे आमचे थोरले भावजी. अंगानं काटकुळे, मुंडासं कधी सरळ नाही, सदऱ्याच्या बाह्यांवर सतरा रंग आणि कानामागं पेन्सिल. समोर कुणी आलं की एक डोळा मिटायचा, हात लांब करून पेन्सिलीनं त्याचं नाक मोजायचं आणि मगच रामराम घालायचा, अशी त्यांची रीत. पाटील असो, पोस्टमन असो नाहीतर देवळातला गुरव, सुटका कुणाचीच नव्हती. गावात कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणे मुंबईचं पाणी बाधलं. भावजी म्हणायचे, "माजं डोकं बरं हाय. तुमच्या नाकांचाच मेळ लागंना गड्या."

मुंबईचं पाणी बाधलं हे मात्र अगदीच खोटं नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. थोरल्यानंही पलटणीत जावं अशी त्यांची इच्छा. थोरल्यानं दोन दिवस अन्न सोडून मुंबईची चित्रशाळा मिळवली. तिथं दोन वर्षं त्यांनी चुन्याच्या पुतळ्यांची नाकं काढली. मग एक दिवस मास्तरांनी वाईट चित्र कसं असतं हे दाखवायला एका विलायती मासिकाचं पान वर्गापुढं धरलं. एक एकटा माणूस खुर्चीत बसलेला, तोंड हिरवट, हात केवढाले, खुर्चीचे पाय वाकडे, मागची भिंत त्याच्या अंगावर यायला टपलेली. सगळा वर्ग हसला. आमचे भावजी हसले नाहीत. "तवर मी नाकं काढत हुतो," ते सांगायचे, "त्या बाबानं बसनं काढलं हुतं. लय दमलेलं बसनं." त्या पानासमोरून ते उठले ते परीक्षेला न बसता थेट गावी आले. मामंजी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. भावजींना ते वर्षभरानंतर कळलं.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट सांगते. माझं माहेर सांगलीकडचं, हळद पिकवणारं. भावजींनी लग्न करणार नाही असं जाहीर केलेलं, त्यामुळं धाकट्यासाठी मुलगी शोधणं चालू होतं. ओसरीवर पुरुषांची बैठक, मध्ये पाट, पाटावर मी. नाव सांग, भाकरी येते का, चालून दाखव, झालं. मी आपली रिवाजाप्रमाणं मान खाली घालून बसले होते. एवढ्यात पाहुण्यांतून आवाज आला, "पोरी, मान वर कर की! आमी काय पायाचं बोट बघाया आलोय व्हय?" माझे वडील गोरेमोरे झाले, मामंजी खोकले. मला असा संताप आला की मी मान वर करून त्या माणसाकडं डोळे वटारूनच बघितलं. तो एक डोळा मिटून माझं नाक मोजत होता. मोजून झाल्यावर तो मामंजींना म्हणाला, "आबा, हीच करा. हिला राग येतो." एवढ्या एका गुणावर माझं लग्न ठरलं.

पुरुषांच्या बैठकीत मी बसण्याची ती शेवटचीच वेळ. लग्न होऊन घरात आले आणि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घरची रीत समजावून दिली. सासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं सुनेनं बसायचं नाही. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत जिथं पुरुष बसत, तिथं काम असेल तर उभ्यानं जायचं आणि उभ्यानं यायचं. आणि थोरल्या दिराशी तर बोलायचंसुद्धा नाही. पुढं मी कितीदा तरी विचार केला, की बाईला बघायचं असतं तेव्हा पाट मांडून बसवतात, आणि एकदा बघून झालं की जन्मभर उभी करतात, हा कुठला न्याय?

न बोलण्याच्या रिवाजावर भावजींनी त्यांचा तोडगा काढला. सोप्यात एक सागवानी खांब होता. भावजी त्या खांबाशी बोलायचे. "खांबा, च्या मिळंल का इचार." मी आतून खांबालाच सांगायची, "खांबा, दूध नासलंय म्हणावं." कधीकधी खांबाच्या मध्यस्थीनं आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि दोघांचं ऐकून घेऊन खांब बिचारा गप्प उभा असायचा. आत्याबाईंना हे पसंत नव्हतं. पण खांबाशी बोलू नये असा काही रिवाज नव्हता, त्यामुळं त्यांचा इलाज चालेना.

भावजींचा धंदा म्हणजे मेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवणं. आमच्याकडं जिवंत माणसाचं चित्र कुणी काढून घेत नसे, आयुष्य कमी होतं म्हणत. माणूस गेला की फोटो घेऊन यायचे आणि भावजींशी भांडण करून जायचे. एका घरच्यांनी लढाईत गेलेल्या चुलत्याच्या छातीवर दोन बिल्ले जास्त लावा म्हणून गळ घातली. भावजींनी फोटो परत केला. "जे त्यानं मिळवलं न्हाई ते मी कुटनं देऊ? चित्रात खोटं बोलायचं आसंल तर मी तोंडानंच बोलतो की, रंग कशाला नासू?" त्यांचं हे ब्रीदच होतं, आणि ह्या ब्रीदापायी निम्मी गिऱ्हाइकं सातारच्या दुसऱ्या चिताऱ्याकडं जायची.

पण कधी वेगळंही घडायचं. मेढ्याकडचा एक शेतकरी डोंगर उतरून आला. बाप गेला होता, आणि फोटो एकही नव्हता. भावजी म्हणाले, "आसू दे. तुजा बा बसायचा कसा, त्ये दाव." तो बिचारा सोप्यातच उकिडवा बसला, कोपर गुडघ्यावर टेकवून, तोंड डोंगराकडं फिरवून. भावजींनी आठ दिवसांत चित्र केलं, म्हाताऱ्याची नुसती पाठ, खांद्यावर घोंगडं आणि पुढं डोंगर. मी दाराआडून बघितलं आणि म्हटलं, आता हा माणूस भावजींना बडवणार. तर तो डोळे पुसत म्हणाला, "आसाच बसायचा म्हातारा. त्वांड कशाला पायजे? त्वांड त्यानं आमाला कवा दावलंच न्हाई." भावजी आठ दिवस गावभर हे वाक्य सांगत हिंडत होते.

मग लढाई पेटली. पलटणीत असलेले आमचे हे समुद्रापार गेले, महिना महिना पत्र नाही. भावजींची अडचण वेगळी होती. नळीतले विलायती रंग मिळेनासे झाले. दुसरा कुणी असता तर हात चोळत बसला असता. भावजींनी चुलीवरची काजळी खरवडली, गेरू आणला, कपड्याची नीळ घेतली, पांढऱ्याला खडू कुटला, जवसाचं तेल आटवलं, आणि पिवळ्या रंगासाठी डोळा ठेवला तो माझ्या माहेरून आलेल्या हळदीच्या डब्यावर. "खांबा, सांगलीच्या हळदीवानी पिवळं विलायतंत बी न्हाई म्हणावं." कालवणं पांढरी पडायला लागली तशा आत्याबाई कडाडल्या, "घरात खायाला हळद न्हाई आन् ह्यो भाड्या भिताडाला लावतोय!" कापड मिळत नव्हतं म्हणून त्यांनी मामंजींनी पलटणीतून आठवण म्हणून आणलेल्या जुन्या तंबूचा एक पट्टा कापला. मामंजींना तो चित्र झाल्यावरच दिसला.

त्याच चित्राची ही गोष्ट आहे. आमच्या घरात खुर्ची एकच. मामंजी पेन्शनीत येताना छावणीतून घेऊन आलेले ती, रुंद हातांची, वेताच्या पाठीची. तिच्यावर मामंजींखेरीज कुणी बसत नसे. खुद्द पाटील आले तरी घोंगड्यावर बसत. त्या साली जत्रेला घरी पन्नास-साठ पान जेवलं. पहाटेपासून मी चुलीपुढं होते. दुपार टळल्यावर सगळी माणसं, आत्याबाईसुद्धा, पालखीला गेली. मी सोपा झाडायला आले आणि माझे पाय एकाएकी उभं राहायला नाही म्हणाले. समोर खुर्ची होती. बसले. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. डोकं मागं टेकलं, हात मांडीवर पडले आणि हे कुठं असतील, जिवंत तरी असतील का, हे त्या दिवसात पहिल्यांदा मनात यायला जागा झाली. किती वेळ बसले कुणास ठाऊक. कुणी बघितलं नाही, असं मी समजत होते.

महिन्याभरानं भावजींनी सोप्याच्या भिंतीवर चित्र ठोकलं, तेही लोहाराकडून बैलगाडीचे खिळे आणून. मामंजींची खुर्ची, वाकड्या पायांची. तिच्यात एकटी बाई बसलेली. तोंड हळद-निळीचं हिरवंगार, हात गेरूचे, लालभडक, भाकरी थापून थापून परातीएवढे झालेले. मागची भिंत सगळी तिच्या अंगावर आलेली, आणि बाई मात्र हलायला तयार नाही. शेजारीण म्हणाली, "कावीळ झालीय जणू बाईला." गुरव म्हणाला देवी अंगात आलीय. मी एका नजरेत ओळखलं आणि माझ्या हातातली कळशी निसटली. म्हणजे त्या दुपारी ह्या माणसानं दारातून बघितलं होतं, आणि एक शब्द न बोलता मागं फिरला होता!

मी खांबापुढं हात जोडले. "खांबा, त्यांच्या पाया पडते म्हणावं. ते चित्र उतरवा." खांबाकरवी उत्तर आलं, "तिला सांग, त्ये तिचं चित्र न्हवं. बसन्याचं हाय. हितंच ऱ्हानार." आत्याबाईंना संशय आला होता. त्यांनी मला आडून-आडून विचारलं, मी आडून-आडून टाळलं. मामंजींनी मात्र सरळ हुकूम सोडला. नणंदेला बघायला म्हसवडहून पाहुणे यायचे होते. "पावनं यायच्या आत ह्ये खाली आलं न्हाई, तर चित्र आन् तू, दोगं भाईर." भावजी खुर्चीपुढं ताठ उभे राहिले. "आबा, पावन्यांनी बगावं म्हनूनच लावलंय. बाई बसली तर घर पडत न्हाई. चित्र गेलं तर मी बी गेलो समजा." आणि त्यांनी खरोखरच वळकटी बांधून दारात ठेवली. चार दिवस ती वळकटी तिथंच होती. येणारा-जाणारा तिला अडखळायचा आणि शिव्या द्यायचा. आत्याबाई रात्रंदिवस देवाला हात जोडत होत्या, आणि मी चुलीपुढं बसून एकच विचार करत होते, की हा खुळा माणूस माझ्या बसण्यापायी घराबाहेर होणार.

पाहुणे आले. मुलाचा बाप, दोन चुलते, आणि म्हसवडच्या त्या घरात जिचा शब्द शेवटचा, ती मुलाची थोरली आत्या. ती बायकांत आत येऊन बसली. पोहे फिरले. मुलाच्या बापाचा घास चित्राकडं बघताना हातातच राहिला. "सुभेदार, ही कोन वो?" मामंजी म्हणाले, "थोरल्याचा चाळा हाय." पाहुणा सावधपणानं म्हणाला, "न्हाई, खुर्ची तर हीच दिसतीया, म्हनून इचारलं. तुमच्यात सुना खुर्चीत बसत्यात काय? आमच्यात चालत न्हाई बगा. तुमची पोर बी अशी बसाया लागली, तर आमी कुटं बसावं?" नणंदेचं लग्न आणि माझी अब्रू, दोन्ही त्या एका खुर्चीवर येऊन टेकली होती.

दाराआडून मला भावजी दिसत होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, तिथं माझा पदर दिसत असणार. मग मान खाली घातली. दुसऱ्याची मान खाली गेलेली ज्याला कधी चालली नाही, त्याची मान खाली गेलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. ते म्हणाले, "कुनी न्हाई ओ. मनानं काढलंय. अशी बाई कुटं असती व्हय?"

मेलेल्या शिपायाला दोन बिल्ले देताना ज्याचा हात चालला नाही, तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि तेही स्वतःच्या चित्राबद्दल. मला सांगलीच्या पाटावर आला होता तसाच राग आला. त्या पाहुण्याचा आला, रिवाजाचा आला, आणि सगळ्यांत जास्त भावजींचा आला. मी पदर सारखा केला, सोप्यात गेले, खांब ओलांडला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी तोंडावर बोलले. "भावजी, खोटं कशापायी बोलता? बसले हुते मी. जत्रंदिवशी. साठ मानसांचं करून पाय उभं ऱ्हाईनात, म्हनून बसले. चित्र खरं हाय."

आत आत्याबाईंनी कपाळाला हात लावल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. तेवढ्यात म्हसवडची आत्या, केवढी ती नथ, गुडघ्यावर हात दाबत उठून दारात आली. तिनं चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. आणि अगदी हळू विचारलं, "कसं वाटतं गं, बसल्यावर?"

मी म्हटलं, "पाठ टेकली की लय बरं वाटतं."

"आसंल," ती म्हणाली. "आमाला पन्नास वरसात कुनी सांगितलं न्हाई." मग भावजींकडं वळून, "आवं चितारी, माजं बी काडा. सांगाल तितका येळ बसते. पर खुर्ची तुमीच आना, आमच्यात न्हाई." आणि भावाकडं न बघताच, "पोर पसंत हाय रं. उठा आता, उनं व्हायच्या आत निगू." मुलाच्या बापानं हातातला घास तोंडात घातला.

पाहुणे गेल्यावर मामंजी खुर्चीजवळ आले. मी पायाकडं बघत उभी. त्यांनी विचारलं, "खुर्ची मोडली न्हाई न्हवं?"

"न्हाई, मामंजी."

"मंग ऱ्हाऊ द्या त्ये तिथंच." आणि त्यांनी पायानं भावजींची वळकटी आत सरकवली.

त्या दिवसापासून आमचं घर सुधारलं असं मात्र समजू नका. मामंजी महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, आत्याबाई कैक वर्षं टोमणे मारत होत्या, आणि मीही घरात थोरली माणसं असेपर्यंत त्या खुर्चीत पुन्हा बसले नाही. भावजी मात्र खरोखर बैलगाडीत कुठूनशी मागून आणलेली दुसरी खुर्ची टाकून म्हसवडला गेले. ती आत्या चार दिवस खुर्चीतून उठायला तयार नव्हती. पहिले दोन दिवस ती ताठ बसली आणि नंतरचे दोन दिवस गाढ झोपली. भावजींनी झोपलेलीच काढली. त्या घरच्या सुना म्हणे चित्रावरून पाय न वाजवता जात, आत्या जाग्या होतील म्हणून.

लढाई संपली आणि आमचे हे सुखरूप परत आले. ट्रंक खाली ठेवली, आई-वडिलांच्या पाया पडले आणि चित्रापुढं उभे राहिले. मला वाटलं, हसतील, नाहीतर रागावतील. सगळे इकडंतिकडं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "लय दुखत हुते का पाय?" सगळ्या लढाईभर मी रडले नव्हते, ती तेव्हा रडले.

हळद उन्हाला टिकत नाही. सोप्यात सकाळचं ऊन यायचं, आणि बाईच्या तोंडाचा हिरवा रंग वर्षावर्षानं उडत गेला. आधी हळद गेली, मग नुसती नीळ उरली, मग तीही खडूत मुरली. हात मात्र गेरूचे, तसेच लालभडक. भावजींच्या शेवटच्या आजारात मी त्यांना म्हटलं, "आता नळीतले रंग मिळतात. तोंडावरनं एकदा हात फिरवा की." ते म्हणाले, "हळद उडायचीच. मला ठावं हुतं." मी म्हटलं, "ठावं हुतं, तर मग तोंडालाच का लावली?" त्यावर त्यांनी एक डोळा मिटून माझ्याकडं बघितलं. "तुज्या म्हायेरची हुती ती. दुसरीकडं कुटं लावनार?"

ते गेले, मामंजी गेले, आत्याबाई गेल्या, आणि गेल्या साली हेही गेले. खुर्चीचा वेत मी दोनदा नवा करून घेतला. आता तिच्यात मीच बसते. परवानगी मागावी असं घरात कुणी उरलं नाही, आणि खरं सांगते, त्याचंच वाईट वाटतं. नवी माणसं येतात, भिंतीकडं बघून विचारतात, ही कोण, हिला तोंड का नाही? मी काही सांगत बसत नाही. सगळे आपापल्या कामाला गेले की मी समोरच्या खांबाला म्हणते, "खांबा, त्यांना सांग. तोंड पार गेलं म्हणावं. पण बाई अजून उठलेली नाही."